कोल्हापुरात हायब्रिड गाडी घेताना: कोटेशनमधील आठ ओळी

कळंबा रोड:

आमच्या घरची २०१४ सालची डिझेल हॅचबॅक आता निरोपाला आली आहे आणि तिच्या जागी दीड लिटर इंजिनाची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणारी) गाडी घ्यायची, असे घरात ठरले आहे. कंपनीचे आणि विक्रेत्यांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाची तक्रार करायची नसून कोटेशन वाचताना जे लक्षात आले ते मांडायचे आहे, आणि शेवटी एका अडलेल्या प्रश्नावर या मंचावरील सर्वांचे मत हवे आहे.

आधी गाडीविषयी थोडक्यात सांगतो. टेस्ट ड्राइव्हसाठी विक्री प्रतिनिधी तावडे हॉटेलपर्यंत एक फेरी मारून परत फिरणार होता. मी त्याला पन्हाळ्यापर्यंत चलण्याचा आग्रह केला आणि तो त्याने चांगल्या मनाने मानला. शहरातील गर्दीत गाडी बराच वेळ इंजिन बंद ठेवून मोटरवर चालते, हे खरे आहे. पन्हाळ्याच्या चढाला मात्र तीन सिलिंडरचे इंजिन एकाच पट्टीत ओरडत राहते, कारण ई-सीव्हीटी या स्वयंचलित गिअर यंत्रणेत गिअर बदलण्याचा टप्पा येत नाही, आणि हा आवाज ज्यांना सहन होत नाही त्यांनी तो विकत घेण्याआधी ऐकलेला बरा. उतरताना ब्रेकमधून बॅटरी भरू लागली, पण ती इतकी लहान आहे की वाघबीळ येण्याआधीच ती भरली. या गाडीला प्लग नसतो आणि ती विजेवर दूरवर चालत नाही, हे मला आमच्या वडिलांना तीन वेळा समजावून सांगावे लागले.

आता कोटेशनकडे वळतो. पहिल्या विक्रेत्याने दिलेला कागद असा होता: एक्स-शोरूम १७,२०,०००, रस्ता कर व नोंदणी २,१२,०००, टीसीएस (विक्रीच्या वेळी गोळा केला जाणारा प्राप्तिकर) १७,२००, विमा ७८,०००, वाढीव वॉरंटी २४,०००, ‘एसेन्शियल’ अॅक्सेसरीज ३८,०००, हँडलिंग (गाडी हाताळण्याचा विक्रेत्याचा आकार) ९,५००, फास्टॅग ६००. एकूण २०,९९,३००. आकडा एकवीस लाखांच्या आत सातशे रुपयांनी कसा थांबला, याचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे.

मी सुरुवातीला सगळ्यांसारखी चूक केली. “सवलत किती देणार?” हाच प्रश्न मी तीन दिवस विचारत राहिलो आणि “हायब्रिडला वेटिंग आहे, साहेब, सवलत शक्यच नाही” हेच उत्तर तीन दिवस ऐकत राहिलो. चौथ्या दिवशी मी कागद घरी आणला आणि प्रत्येक ओळीसमोर तो पैसा कोणाकडे जातो ते लिहिले. पहिली ओळ कंपनीची आहे. रस्ता कर शासनाचा आहे. माझ्या कोटेशनमध्ये तो पेट्रोल गाडीच्याच दराने, म्हणजे १० ते २० लाखांच्या गटासाठी १२ टक्के, अशा हिशेबाने २,०६,४०० लावला होता आणि वरचे पैसे नोंदणी, नंबरप्लेट वगैरेंचे होते. टीसीएस हा १० लाखांवरच्या गाडीला लागणारा १ टक्का आहे आणि पॅन नीट दिला असेल तर तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून मिळतो, त्यामुळे तो खर्चात धरू नये. उरलेल्या पाच ओळींपैकी फास्टॅग किरकोळ आहे. राहिल्या चार ओळी: विमा, वॉरंटी, अॅक्सेसरीज आणि हँडलिंग. या चारही ओळींत विक्रेत्याचा हात आहे आणि त्यांची बेरीज १,४९,५०० होते. जिथे सवलत मिळत नाही असे मी समजत होतो, तिथे दीड लाख रुपयांची घासाघीस करायला जागा होती.

त्यानंतर मी सांगली आणि बेळगाव येथील विक्रेत्यांकडून त्याच प्रकारच्या, त्याच रंगाच्या गाडीची कोटेशने मागवली. बेळगावकडून नुसता एक्स-शोरूम भाव आणि विम्याचा तपशील घेतला, कारण नोंदणी मला कोल्हापुरातच करायची आहे. सांगलीच्या कागदावर हँडलिंगची ओळच नव्हती. तो कागद मी इथल्या विक्रेत्यापुढे ठेवला तेव्हा “ते लोक नंतर लावतात” असे उत्तर आले. मी म्हणालो, नंतर लावतील तेव्हा मी नंतर भांडेन, आपण आज आपल्या कागदाविषयी बोलू.

आता अडलेला प्रश्न. विक्रेत्याकडे ऑक्टोबरमध्ये तयार झालेली, मला हव्या त्याच रंगाची एक गाडी यार्डात उभी आहे. ती डिसेंबर संपण्याआधी घेतली तर तो २०,००० रुपये रोख सवलत देतो. नाहीतर नवीन वर्षात तयार झालेली गाडी येईपर्यंत थांबावे लागेल आणि “जानेवारीत भाव वाढतील” अशी भीतीही घातली जात आहे. आपण काय कराल?

निवृत्त लेखापरीक्षक:

प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक हिशेब मांडतो, कारण वीस हजारांवर चर्चा करताना मूळ दोन-अडीच लाखांकडे दुर्लक्ष होते. तशाच साधनसामग्रीची साधी पेट्रोल गाडी आणि हायब्रिड यांच्या ऑन-रोड किमतीत २,६०,००० चा फरक धरू. पेट्रोल गाडी प्रत्यक्षात १४ आणि हायब्रिड २२ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे, असेही धरू. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे साधारण ३१२ लिटर, म्हणजे ३२,४०० रुपये वाचतात आणि फरक भरून यायला आठ वर्षे लागतात. १८,००० किलोमीटर फिरणाऱ्याला सव्वापाच वर्षांहून थोडे अधिक लागते. बॅटरीवरची वॉरंटी या गाड्यांना सामान्यतः ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर असते, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहावे. आपले वार्षिक फिरणे किती, हे आपण लिहिलेले नाही.

शिवाय करांतील एक बदल फारसा कोणी लक्षात घेत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी चार मीटरपेक्षा लांब हायब्रिड गाडीवर जीएसटी आणि उपकर मिळून ४३ टक्के, तर तेवढ्याच लांबीच्या, दीड लिटरपर्यंतच्या साध्या पेट्रोल गाडीवर ४५ टक्के होते. आता दोन्हींवर ४० टक्के आहे. म्हणजे हायब्रिड स्वस्त झाली हे खरे, परंतु साधी पेट्रोल गाडी तिच्यापेक्षा अधिक स्वस्त झाली आणि हायब्रिडला असलेला दोन टक्क्यांचा आधार गेला.

कळंबा रोड:

लेखापरीक्षक साहेब, माझे फिरणे वर्षाला १६,००० च्या आसपास आहे. गोकुळ शिरगावची रोजची ये-जा आणि महिन्यातून दोनदा पुणे. हिशेब मान्य आहे. पुण्याच्या वाटेवर महामार्गाच्या वेगात हायब्रिडचा फायदा शहरातल्यापेक्षा कमी होतो, हेही मी गृहीत धरले आहे. गाडी केवळ पेट्रोल वाचवण्यासाठी घेत नाही. क्लच दाबून गुडघा गेला आहे आणि विजेच्या गाडीसाठी आमच्या इमारतीत चार्जिंगची परवानगी मिळत नाही.

राजारामपुरी आठवी गल्ली:

दादा, विम्याच्या ओळीविषयी मी अनुभवावरून लिहिते. आम्ही गेल्या वर्षी हायब्रिड घेतली तेव्हा विक्रेत्याच्या विम्यात आणि बाहेरच्या विम्यात तेवीस हजारांचा फरक होता आणि दोन्ही पॉलिसींत झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन संरक्षण आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाची रक्कम) हे तिन्ही होते. नवीन मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे आणि त्याचा दर ठरलेला असतो, त्यामुळे तिथे कोणी महाग-स्वस्त असू शकत नाही; फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईच्या भागात. मात्र ठरलेल्या दरातही एक गोष्ट तपासा. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये असा जून २०२२ चा दर आहे आणि हायब्रिडला त्यात साडेसात टक्के सूट आहे, म्हणजे ९,८४२ रुपये व्हायला हवेत. आमच्या पहिल्या कोटेशनमध्ये ही सूट धरलेली नव्हती. रक्कम आठशे रुपयांचीच आहे, परंतु ती दाखवून दिल्यावर समोरच्याचा बोलण्याचा सूर बदलला, हा त्याचा खरा उपयोग.

विक्रेत्याकडूनच विमा घेतला पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. आमच्याकडे “बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही” असे सांगितले गेले. मी विमा कंपनीच्या संकेतस्थळावरील गॅरेजची यादी उघडून त्याच सर्व्हिस सेंटरचे नाव दाखवले आणि तो विषय तिथेच मिटला.

पूर्वी शोरूममध्ये:

मी सात वर्षे विक्री प्रतिनिधी होतो, आता त्या व्यवसायात नाही, त्यामुळे दोन्ही बाजू समजू शकतो. ग्राहकाला वाटते की एक्स-शोरूम किमतीत विक्रेत्याचे मोठे मार्जिन दडलेले असते. ते तसे नसते. विक्रेता जगतो तो विमा, कर्ज, अॅक्सेसरीज, जुनी गाडी आणि पुढची सर्व्हिस यांच्यावर. ज्या गाडीला मागणी आहे तिच्यावर सवलत देण्याचे त्याला कारण नसते, पण विमा आणि अॅक्सेसरीजचे लक्ष्य मात्र महिन्याच्या शेवटी गाठायचेच असते. म्हणूनच प्रतिनिधी “सवलत नाही, साहेब, पण चांगले सीट कव्हर देतो” असे म्हणतो. बारा हजारांचे म्हणून दिलेले सीट कव्हर त्याला बारा हजारांना पडलेले नसते. फुकटच्या वस्तूंवर कधीही समाधान मानू नका. ती वस्तू कागदावरून काढायला लावा आणि रक्कम कमी करून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘एसेन्शियल किट’. त्यातील मडफ्लॅप, मॅट आणि फार तर दरवाज्याच्या कडांचे गार्ड एवढेच उपयोगाचे असते. अंडरबॉडी कोटिंग, सिरॅमिक, जंतुनाशक फवारणी अशी नावे आली की हात आखडता घ्यावा. यापलीकडे एक कळीची गोष्ट सांगतो, ती हायब्रिडसाठी विशेष आहे. बाहेरच्या दुकानात कॅमेरा, अॅम्प्लिफायर किंवा दिवे बसवताना वायर कापू देऊ नका. नारिंगी आवरणाच्या केबल उच्च दाबाच्या असतात, आणि कापलेल्या वायरचे निमित्त करून वॉरंटी नाकारली तर वाद जिंकणे अवघड जाते.

ऑक्टोबरच्या गाडीविषयी माझे मत स्पष्ट आहे. २०,००० पुरेसे नाहीत. पाच वर्षांनी विकताना घेणारा महिना विचारत नाही, साल विचारतो. ४०,००० मागा, मिळाले तर घ्या, नाहीतर थांबा.

फौंड्रीवाला:

मी उलट मत मांडतो. पाच वर्षांनी गाडी विकणाऱ्याने साल पाहावे. जो दहा-बारा वर्षे वापरणार आहे त्याला एका वर्षाने काय फरक पडतो? धागाकर्त्याने मागची गाडी अकरा वर्षे वापरली आहे. हातात येणारे वीस हजार सोडून, भाव वाढण्याची जोखीम घेऊन थांबणे मला व्यवहाराचे वाटत नाही. फक्त यार्डात उभ्या गाडीची छोटी १२ व्होल्टची बॅटरी, टायर आणि छपराचा रंग नीट तपासून घ्यावा. हायब्रिडची मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही छोटी बॅटरी उतरली की गाडी सुरूच होत नाही, आणि महिनोन्महिने उभ्या गाड्यांत ती हटकून उतरते.

पुलाची शिरोली:

यार्डाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आपल्याकडे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा आणि ४३ फुटांवर आली की धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आमच्या गावाजवळ महामार्गच पाण्याखाली होता. त्यामुळे पावसाळ्यानंतर जुन्या उत्पादनाची गाडी घेताना ती पावसाळ्यात कुठे उभी होती, हे विचारणे कोल्हापूरकराचा हक्क आहे. आपली गाडी ऑक्टोबरची असल्याने ती शंका नाही, पण जुलै-ऑगस्टची गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का ते पाहा, आणि डिकीतील गालिचा उचलून बघा.

विम्यात इंजिन संरक्षण घेताना त्यात हायब्रिडची बॅटरी आणि मोटर यांचा शब्दाने उल्लेख आहे का, हेही वाचून घ्या. काही पॉलिसींत त्यासाठी वेगळे कलम जोडावे लागते. आणि पाण्यात अडकल्यावर गाडी ‘रेडी’ स्थितीत ठेवून बसू नका, कारण हायब्रिडचे इंजिन आपल्याला न विचारता सुरू होते.

राजारामपुरी आठवी गल्ली:

डिकीचा उल्लेख आला म्हणून एक ओळ. बॅटरी मागे असल्याने या गाड्यांची डिकी लहान होते. होंडा सिटीत साध्या पेट्रोलला ५०६ लिटर आहे तर हायब्रिडला ३०६. लग्नसराईत गावाकडे जाणाऱ्या कुटुंबाने आपल्या बॅगा शोरूममध्ये नेऊन ठेवून पाहाव्यात. आम्ही नेल्या होत्या. प्रतिनिधी हसला, पण एक बॅग खरोखरच मागच्या सीटवर आली.

निवृत्त लेखापरीक्षक:

बुकिंग फॉर्मच्या मागील बाजूस बारीक अक्षरात बहुधा असे छापलेले असते की गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू राहील. म्हणजे बुकिंगने रांगेतील जागा मिळते, भाव बांधला जात नाही. हीच अट सप्टेंबरमध्ये ग्राहकांच्या बाजूने फिरली. ज्यांचे बिल २२ तारखेनंतर झाले त्यांना कमी कर लागला. आता ती आपल्या विरुद्ध फिरू शकते, एवढे धरून चालावे. बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे मात्र लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन घेऊन नंतर ग्राहक आयोगात जाणाऱ्यांच्या हाती काहीच नसते. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय दिली आहे, तरी कागद लागतोच.

कळंबा रोड:

सर्वांचे आभार. आठवड्याभरात काय झाले ते लिहितो.

मी ४०,००० मागितले. विक्रेता २५,००० वर आला आणि तिथेच थांबला. घरात चर्चा झाली, फौंड्रीवाले साहेबांचे म्हणणे मला पटले होते, पण सौभाग्यवतींनी विचारले की या घरात आजवर एक तरी वस्तू आपण ठरवली तेवढी वर्षे वापरली आहे का, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. थांबायचे ठरले.

बाकीच्या ओळींवर मात्र थांबलो नाही. विम्याचे बाहेरचे कोटेशन ५१,००० चे होते. विक्रेत्याने तीच कलमे ५४,००० ला दिली, बॅटरी आणि मोटर यांचा उल्लेख पॉलिसीत करून घेतला, आणि तीन हजारांसाठी पुन्हा फेऱ्या नकोत म्हणून मी मान्य केले. साडेसात टक्क्यांची सूट त्यांच्या कोटेशनमध्येही नव्हती. ताईंचे शब्द तंतोतंत खरे ठरले. अॅक्सेसरीज ३८,००० वरून ११,५०० वर आल्या. हँडलिंगची ओळ गेली. ती सहज गेली नाही. आधी तिचे नाव ‘लॉजिस्टिक’ झाले, मग ती अॅक्सेसरीजच्या बेरजेत लपली, आणि मी बेरीज पुन्हा केली तेव्हा व्यवस्थापक स्वतः येऊन “संगणकाची चूक” म्हणाले. वाढीव वॉरंटी मी ठेवली, कारण या गाडीत इन्व्हर्टरसारखे भाग बॅटरीच्या वॉरंटीत येतात की नाही यावर मला लेखी उत्तर मिळाले नाही. नवीन बेरीज २०,३९,३००. सवलत शून्य, तरी पहिल्या कागदापेक्षा बरोबर ६०,००० कमी.

जुन्या गाडीचे त्यांनी २,१०,००० आणि एक्सचेंज बोनस २५,००० असे देऊ केले. बाहेर एका ओळखीच्यांनी २,६५,००० दिले, म्हणून तिथे दिली. नमुना २९ आणि ३० वर सह्या करून नावबदलाची पावती हातात येईपर्यंत मूळ चावीचा एक जुडगा मी माझ्याकडे ठेवला होता.

पूर्वी शोरूममध्ये:

एका गोष्टीचा राग मानू नका. त्या प्रतिनिधीचे नाव व्यवस्थापकाकडे चांगल्या शब्दांत घ्या. पन्हाळ्यापर्यंत गाडी नेण्याची परवानगी त्याने स्वतःच्या जबाबदारीवर दिली असणार, आणि हँडलिंगची ओळ तो ठरवत नाही.

कळंबा रोड:

मान्य आहे, तसे केले आहे.

शेवटची नोंद. गाडी फेब्रुवारीत मिळाली. जानेवारीत भाव १०,००० ने वाढला. त्यावरचा कर १,२०० आणि टीसीएस १०० धरून एकूण ११,३०० जास्त गेले आणि अंतिम रक्कम २०,५०,६०० झाली. म्हणजे थांबण्याची किंमत, सोडलेले २५,००० धरून, ३६,३०० पडली. फौंड्रीवाले साहेबांना हा आकडा मी स्वतःहून कळवत आहे.

ताब्यात घेण्याच्या आदल्या दिवशी यार्डात दिवसाउजेडी गाडी पाहिली. नमुना २१ वर, म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना जानेवारी आहे आणि चासी नंबर बिलाशी जुळतो. चारही टायरवरचे उत्पादनाचे आकडे एकाच आठवड्याचे आहेत. स्टेपनीचा आठवडा वेगळा आहे, पण साल तेच. डाव्या मागच्या दरवाज्यावर केसासारखी एक रेघ होती, ती पॉलिश करून निघाली, तरी तिचा फोटो आणि प्रतिनिधीची सही मी कागदावर घेतली आहे. अंबाबाईच्या दर्शनाला गेलो तेव्हा बिंदू चौकातल्या गर्दीत गाडी निम्मा वेळ इंजिन बंद ठेवून सरकत होती आणि मागे बसलेले वडील “गाडी बंद पडली का?” असे दोनदा विचारत होते.

वाढीव वॉरंटीचे प्रमाणपत्र अजून आलेले नाही. दोन आठवड्यांत ई-मेलवर येईल असे सांगितले होते, आज अठरावा दिवस आहे. उद्या शोरूममध्ये जाऊन येतो आणि इथे लिहितो.